लुगड्यावरचा जपान

बायकोच्या, रुखमाच्या, पहिल्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे वर्षाच्या कार्यक्रमाला, विहारात जपानचा पिक्चर दाखवायचा, हे सोमाजी रामटेकेनं एकट्यानं ठरवलं. कोणी सुचवलं नव्हतं. त्यामुळे पुढं जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालायची सोयही त्याला राहिली नाही.

त्याच्या मते गोष्ट सरळ होती. चारेक वर्षांपूर्वी रुखमा गावातल्या बायांसोबत कामठीला जाऊन आली होती. जपानच्या मदतीनं बांधलेलं तिथलं बुद्धविहार तिनं पाहिलं आणि पुढं महिनाभर तिच्या तोंडी तेच. "तिथी पाय ठेवला का आपला आवाज आपोआप लहान होते," ती सांगायची. "असं बांधणाऱ्यायचा देश एकदा पाहायले पाहिजे." सोमाजी म्हणायचा, पाहू. त्याची सगळी नोकरी वनखात्याच्या रोपवाटिकेत सागाच्या काड्या लावण्यात गेली होती. नागपूरच्या पुढं तो स्वतःही कधी गेला नव्हता.

मग गेल्या डिसेंबरात रुखमा गेली. मागच्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. सोमाजी पुढच्या अंगणात सायकलच्या चाकात हवा भरत होता. मधे दहा-बारा पावलांचं अंतर. पाणी प्यायला मागे गेला तेव्हा ती भिंतीला टेकलेली होती आणि सूप मांडीवर तसंच होतं. कुरखेड्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदय बंद पडलं, एकदम झालं. पण एकदम म्हणजे किती, हे सोमाजीनं विचारलं नाही. तिनं हाक मारली असेल का, आणि पंपाच्या आवाजात आपल्याला ऐकू आली नसेल का, एवढं एक तो वर्षभर मनात घोळवत होता. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही.

मुलगी रिना गडचांदूरला. जावई राजदीप तिथं ज्युनिअर कॉलेजात शिकवतो आणि शनिवारी पोरांना देशोदेशीचे पिक्चर दाखवतो. सोमाजीनं त्याला फोन लावला.

"जवाई, जपानचा एखादा चांगला पिक्चर हाय का तुमच्यापाशी? मामीच्या कार्यक्रमाले दाखवू."

"एक आहे मामाजी. पण तो सामुराईचा आहे. म्हणजे तलवारवाल्याचा. खूप मारामारी आहे, आणि नेहमीच्या पद्धतीचा नाही. थोडा प्रयोग केला आहे त्यात."

"फोटो पाठवा बरं."

फोटो आला. मुंडण केलेला एक माणूस, अंगात पायघोळ कपडा, मागे बुद्धाची मूर्ती. सोमाजीनं चष्मा लावून पाहिला.

"हाच मारते का लोकायले?"

"हाच."

"अन् शेवटी?"

"शेवट ज्याचा त्यानं समजून घ्यायचा, असा आहे."

सोमाजीला तेवढं पुरलं. दर पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारात ऐकलेली गोष्ट त्याला आठवली. बोटं तोडून माळ घालणारा तो दरोडेखोर, त्याच्या वाटेत तथागत उभे राहतात आणि शेवटी तोच भिक्खू होतो. सुरुवातीला मारामारी असणारच. त्याशिवाय शांत होण्याला किंमत काय? "आणा," तो म्हणाला. पिक्चर आधी स्वतः पाहावा, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

पडदा म्हणून त्यानं रुखमाची दोन लुगडी काढली. विहारात जाताना ती नेसायची ती, पांढरी. गावातल्या पत्रू शिंप्याकडून दोन्ही लांबीत जोडून घेतली, काठ मागे दुमडले आणि विहाराच्या उत्तरेच्या भिंतीवर खिळ्यांना ताणून बांधली. रिनाला ते फार आवडलं. "आईवरच पिक्चर दिसंल," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी त्रिशरण-पंचशील झालं, वंदना झाली, जेवणं झाली. तीन वाजता खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि राजदीपनं कॉलेजचा प्रोजेक्टर टेबलावर मांडून लॅपटॉपला जोडला. साठ-सत्तर माणसं होती. बायका पुढं, पुरुष मागं. पलीकडच्या टोल्यावरून, गोंडांच्या वस्तीतून, बिरजू कुमरे आला होता. सोमाजीसोबत वीस वर्षं रोपवाटिकेत काम केलेला माणूस. त्याच्या लोकांचे देव वेगळे, पण रुखमाच्या हातचं खाल्लेलं, म्हणून आला आणि दाराजवळ भिंतीला टेकून बसला.

पिक्चर काळापांढरा होता. पहिली दहा मिनिटं नुसतं गवत. कंबरेइतकं गवत आणि त्यातून चालणारा तो माणूस. गाणं नाही, वाजंत्री नाही. बाया आपसात बोलल्या, आपल्या सिर्सीच्या रस्त्यासारखंच आहे की. मग समोरून तिघं आले आणि त्यानं तिघांनाही कापलं. सगळं काळंपांढरं, रक्त मात्र लाल. तेच कापणं पुन्हा दाखवलं, बाजूनं. मग पुन्हा, उलटं. रक्त परत अंगात शिरलं आणि मेलेले उठून मागे चालत गेले.

"मशीन बिघडली का जवाई?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाही, तसंच आहे," राजदीप म्हणाला.

लोक धीरानं बसले. दरोडेखोराची गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती आणि सोमाजीनं जेवताना तसं सांगूनही ठेवलं होतं. प्रत्येक नवा माणूस गवतातून आला की कोणीतरी म्हणायचं, हेच तथागत असतील. पण त्यालाही तो कापायचा. खाली इंग्रजीत अक्षरं यायची तीही क्वचित, कारण तो सामुराई बोलतच नव्हता. फोटोतली मूर्ती आली तेव्हा सगळे सरसावून बसले. सामुराई मूर्तीसमोर बसला, तलवार पुसली आणि उठून बाहेर जाऊन आणखी चौघांना मारलं.

तिथं गिरजाबाई उठली. रुखमाची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी एकाच गावच्या, एकाच वर्षी या गावात दिलेल्या. ती पडद्याजवळ गेली, लुगड्यावरून ओघळणाऱ्या लाल रंगाकडे पाहिलं आणि सोमाजीकडे वळली.

"रुखमाच्या लुगड्यावर रक्त सांडून राह्यलास तू," ती म्हणाली, आणि बाहेर गेली.

तिच्यामागे अर्ध्या बाया गेल्या. पुरुषही गेले थोडे. सोमाजीला बंद करा म्हणावंसं वाटलं, पण तो जागचा उठला नाही. आणि खरं सांगायचं तर पुढं काय होतं ते त्याला पाहायचंही होतं.

शेवट असा होता. एक झोपडी, झोपडीपुढं एक बाई. लाकडी भांड्यात तांदूळ धूत बसलेली, पाठ आपल्याकडे नाही, तोंड खाली. सामुराई तिच्यामागे येऊन उभा राहतो. तलवार वर जाते. बाई तांदूळ धूतच राहते, मान वर करत नाही. आणि मग पडदा पांढरा होतो. पूर्ण पांढरा, चांगली तीन-चार मिनिटं. फक्त गवतातल्या वाऱ्याचा आवाज. लोकांना नुसतं रुखमाचं लुगडं दिसत राहिलं, सुरकुत्या, डाग, शिवण सगळ्यासकट.

सतरंज्या काढल्यावर कोणी कोणाकडे पाहिलं नाही. विहार समितीचे अध्यक्ष गुणवंतराव, निवृत्त हेडमास्तर, सोमाजीला बाजूला घेऊन गेले.

"सोमाजीभाऊ, सकाळी प्राणिहत्या करणार नाही म्हणून शील घेतलं आणि दुपारी त्याच जागेवर बावन्न खून पाहिले. रविवारी सभा घेतो. माझं मत विचाराल तर हा कार्यक्रम झाला असं धरू नये. पुन्हा करावा, साधेपणानं."

सोमाजी सतरंज्यांच्या घड्या घालायला गेला. रात्री मात्र रिनाला म्हणाला, "पुन्हा करणं म्हणजे आज तुझ्या आईचा दिवस झालाच नाई असं मानणं."

"मग नका करू."

"पण चुकलं असंल तर? मलेच नाई समजून राह्यलं, मी चुकलो का नाई."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं विचारपूस सुरू केली. भांडायला नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, लोकांनी पाहिलं तरी काय. सायकल घेऊन तो घरोघर गेला आणि प्रत्येकाला एकच प्रश्न केला: त्यानं त्या बाईले मारलं का नाई?

उत्तरं ऐकून तो चक्रावला. पत्रू शिंपी म्हणाला, मारलं, त्यात विचारायचं काय, पांढरं झालं म्हणजे संपलं. पत्रूची बायको आतूनच ओरडली की नाही मारलं, तांदूळ धुणाऱ्या बाईला कोणी मारत नाही. "तुमीच तर अर्ध्यात झोपले होते," ती म्हणाली. पीठगिरणीवर दोघांत जुंपली. एकाला तो पिक्चर इतका भिकार वाटला होता की तो पुन्हा पाहायला तयार होता, नक्की किती भिकार आहे ते बघायला. दुसरा म्हणाला, मढी उठून मागे गेली ते त्याला रात्रभर दिसलं, आणि तसं खरंच होत असतं तर किती बरं झालं असतं. हे ऐकून सोमाजी थोडा वेळ तिथंच दळणाच्या डब्यावर बसून राहिला.

गिरजाबाईच्या अंगणातही गेला. ती हरभऱ्याची भाजी खुडत होती. तिनं पाट दिला नाही.

"मी शेवट पाह्यलाच नाई. मले काऊन इचारतेस?"

"जेवढं पाह्यलं तेवढं सांग."

"लुगडं पाह्यलं. ते लुगडं तिनं जयंतीले नेसलं होतं, पोरीच्या लग्नात मंगलपरित्राणाले नेसलं होतं. तू ते खिळ्याले ठोकलंस." मग भाजी खुडता खुडता म्हणाली, "तुले मारामारी पाहाची होती तं चादर लावाची होती."

तो जयभीम करून निघाला.

शनिवारी तो टोल्यावर गेला. बिरजू अंगणात बांबूच्या काड्या सोलत होता. प्रश्न ऐकून त्यानं सुरी बाजूला ठेवली.

"मारलं का नाई ते दाखवलंच नाई, तं मी कसा सांगू. पण तिले मालूम होतं."

"कोणाले?"

"त्या बाईले. मागं कोन उभा हाय ते. भांड्यातल्या पान्यात त्याची सावली पडली होती ना भाऊ. डोक्यायेवढी काळी सावली. ती पान्यातच पाहून राह्यली होती. पाहून बी तांदूळ धूतच होती."

सोमाजीला ती सावली आठवेना. "तू नक्की पाह्यलं?"

"मी जंगलात चालनारा मानूस. पान्यात काय दिसते ते पह्यले पाह्यतो."

"मंग वरडली काऊन नाई ती? पळली काऊन नाई?"

बिरजूनं खांदे उडवले. "हातातलं काम होऊ दे म्हनलं असंल."

घरी परतताना सोमाजीनं सायकल हातात धरून चालवली. रुखमाला कळलं असेल आणि तिनं हाक मारलीच नसेल, असं त्याला वर्षभरात एकदाही सुचलं नव्हतं. हाक मारली आणि मला ऐकू आली नाही, एवढ्या एकाच वाटेनं तो जात-येत राहिला होता. बिरजूचं खरं मानलं तर दुसरीही वाट होती. ती बरी की वाईट हे त्याला ठरवता येईना, पण पायांत थोडा जोर आला.

आल्या आल्या त्यानं राजदीपला लॅपटॉप उघडायला लावला. शेवटची दहा मिनिटं. रिना मागे येऊन उभी राहिली. बाई, भांडं, पाणी, तलवार. राजदीपनं थांबवून, मोठं करून दाखवलं. पाण्यात आभाळाचा उजेड होता. बाकी काही नाही.

"सावली नाहीच मामाजी."

"पुन्हा लावा."

चार वेळा लावलं. पाणी स्वच्छ होतं.

"बिरजूकाकाला भास झाला असेल," रिना म्हणाली.

"बिरजूले भास नाई होत," सोमाजी म्हणाला. वीस वर्षांत त्या माणसानं रोपवाटिकेत शिरलेलं रानडुक्कर नुसत्या ओल्या मातीवरून सांगितलं होतं. त्या रात्री सोमाजीला झोप लागली नाही, पण ती नेहमीची जाग नव्हती. एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवावं तसा तो विचार करत होता.

रविवारी वंदना झाल्यावर गुणवंतरावांनी विषय काढला. गिरजाबाईही आली होती, पहिल्या रांगेत, पाठ ताठ. बिरजूला सोमाजीनं स्वतः बोलावून आणलं होतं.

"प्रश्न साधा आहे," गुणवंतराव म्हणाले. "पुण्यानुमोदन पुन्हा करायचं की नाही. मी स्वतः तर अर्ध्यातून डोळे मिटून ध्यानाला बसलो होतो."

"डोळे मिटले होते तं बावन्न कसे मोजले गुरुजी?" पत्रूनं विचारलं. "मी उघडे ठेवून अडतीसच मोजले."

"तुमी तं झोपले होते," त्याची बायको म्हणाली.

हसू पसरलं आणि वाद पुन्हा पेटला. मारलं, नाही मारलं. जपानचे लोक असे असतात का, नसतात. मूर्तीपुढं तलवार पुसली तो अपमान होता, की बिचारा थांबू पाहत होता आणि त्याला थांबता येत नव्हतं. हे शेवटचं गुणवंतरावच बोलून गेले, आणि मग खाकरले.

सोमाजी उभा राहिला. बोलायची त्याला सवय नव्हती.

"मी पिक्चर आधी पाह्यला नाई, ही माही चूक. ज्यायले लागलं त्यायनं माफी द्यावी. पुन्हा करा म्हनाल तं करतो. पन एक गोष्ट अडली हाय. बिरजूनं पान्यात सावली पाह्यली. जवायाच्या मशीनवर सावली नाई. मले ते पाह्यल्याशिवाय काईच सांगता येत नाई. दहा मिनिटं द्या. ज्याले जायचं त्यानं जावं."

लुगडी अजून भिंतीवर होती. सभा होईपर्यंत काढायची की नाही, याचं कोणीच काही ठरवलं नव्हतं. राजदीपनं प्रोजेक्टरचं टेबल पहिल्या जागेवर सरकवलं. सतरंज्या लागल्या. सोमाजीनं गिरजाबाईकडे पाहिलं. ती उठली नाही. मान मात्र खाली घातली.

झोपडी आली. बाई आली. भांडं आलं, आणि पाण्यात सावली होती. चित्रातल्या डोक्याएवढी, काळपट, कडेला थोडी तिरपी. बाई हलली, भांडं हललं, सावली मात्र जागची हलली नाही.

"हे पाहा," बिरजू शांतपणे म्हणाला.

"अरे खरंच की," गुणवंतराव पुढं सरकले.

राजदीपनं चित्र तिथंच थांबवलं. लॅपटॉपवर पाणी स्वच्छ, भिंतीवर सावली. त्यानं दोनदा इकडून तिकडं पाहिलं आणि प्रोजेक्टरचं भिंग पुसलं. सावली तिथंच.

एवढ्या गडबडीत गिरजाबाईनं मान वर केली. डोळे बारीक करून पाहिलं. मग उठून सरळ पडद्यापाशी गेली. सामुराईची तलवार तिच्या पाठीवर पडली. तिनं पाण्याच्या जागी बोट ठेवलं आणि नखानं खरवडलं.

"सावली कायची," ती म्हणाली. "रफू हाय रुखमाचं."

तिनं बाजूला सरकून ती जागा सगळ्यांना दाखवली.

"मोहाच्या खुट्याले अडकून फाटलं होतं. आमी दोघी मोहफुलं वेचाले गेलतो. पांढरा दोरा संपला होता तं काळ्यानंच केलं तिनं. मी मनलं, दिसंल बाई. तं मनते, निऱ्यायच्या आत जाते, कोन पाहाले येते तिथी."

"मले दिसलं होतं शिवताना," पत्रू हळूच म्हणाला. "मनलं राहू द्यावं. बाईच्या हातचं हाय."

मागून कोणीतरी हसलं. रिना आधी हसली, मग तिनं पदरानं तोंड झाकलं. गिरजाबाई तशीच उभी होती, बोट रफूवर, अंगावर अर्धी झोपडी आणि अर्धं गवत. त्या दिवशी मोहाखाली आणखी काय झालं ते ती सांगायला लागली. अस्वल आलं असं वाटून रुखमा टोपली टाकून कशी पळाली, आणि ते अस्वल म्हणजे काळं घोंगडं पांघरलेला कोलू गुराखी कसा निघाला. बायका हसू लागल्या. एकीनं दुसरी गोष्ट काढली, मग तिसरी. सोमाजीला यातल्या निम्म्या गोष्टी नवीन होत्या. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईबद्दल कोणी त्याला काही नवं सांगत होतं आणि तो कान देऊन ऐकत होता.

बऱ्याच वेळानं गुणवंतरावांनी घड्याळ पाहिलं. "मग काय लिहायचं? पुन्हा करायचा कार्यक्रम?"

ते सोमाजीकडे पाहत होते. सोमाजी गिरजाबाईकडे.

"काऊन पुन्हा?" ती म्हणाली. "आता काय करून राह्यलो आपण मंग? झाला दिवस. फक्त हे लुगडं उतरव. अन् पुढच्या वर्षी चादर लाव."

गुणवंतरावांनी लिहिण्यासारखं काही नाही असं पाहून वही मिटली. सतरंज्या निघाल्या, उन्हात जपान फिका पडला. सोमाजी आणि बिरजू स्टुलावर चढून गाठी सोडू लागले. खाली गिरजाबाईनं लुगड्याचं टोक झेललं, जमिनीला लागू नये म्हणून.

"गिरजाबाई," सोमाजीनं वरून विचारलं, "तिले मालूम होतं असं वाटते तुले?"

"कोनाले?"

"त्या बाईले. मागं कोन उभा हाय ते."

गिरजाबाईनं लुगड्याची घडी घातली, काळा दोरा आत जाईल अशी.

"मले काय मालूम? मी तं रफूच पाहून राह्यली होती."